सहा सिस्टर, एक चूल

आमच्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घरात सहा सिस्टर राहायला येणार होत्या, आणि त्या सहाजणी मिळून एक कुटुंब होतं की नाही, यावर टाउनशिपची सात माणसं मतदान करणार होती. रजिस्टर पोस्टानं आलेल्या पत्रातून मला एवढाच अर्थ लागला. बाकीचं पत्र आकड्यांनी आणि कलमांनी भरलेलं होतं: ब्लॉक अमुक, लॉट तमुक, यूज व्हेरिअन्स, इंटरप्रिटेशन, चॅपल. नवऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि काही न बोलता परत माझ्या हातात दिलं. सासूबाई तेव्हा कोल्हापूरहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कुणाची नोटीस गं?”

“आपली नाही आई, कोपऱ्यावरच्या घराची.”

“मग आपल्याला कशाला धाडली?”

मलाही तेच कळत नव्हतं. आम्ही राहतो त्या न्यू जर्सीच्या कायद्यात त्याचं उत्तर आहे. जमिनीच्या वापराचा नियम कुणाला मोडायचा किंवा वाकवायचा असेल, तर त्या जागेपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे, त्या प्रत्येकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी कळवावं लागतं. आमचं अंगण त्या २०० फुटांत येत होतं. म्हणजे त्या सहा बायकांनी कुठं राहावं यात माझंही काही म्हणणं असू शकतं, असं राज्यानं मला कळवलं होतं. मी ज्यांना कधी पाहिलंही नव्हतं, त्यांच्या राहण्याबद्दल मी काय म्हणणार?

आमची वस्ती ‘सिंगल फॅमिली’ झोनमधली आहे. एका प्लॉटवर एक घर, एका घरात एक कुटुंब. दुकान नाही, दवाखाना नाही, वरच्या मजल्यावर वेगळं बिऱ्हाड नाही. मी नाशिकला वाढले ते घर पिठाच्या गिरणीच्या वर होतं. शेजारी दत्ताचं देऊळ, आणि देवळामागे एका मठाच्या दोन खोल्या, तिथं येणारेजाणारे साधू मुक्कामाला असायचे. कुणी कुठं राहायचं याचा काही नियम असतो, हे तिथं कधी जाणवलंच नाही. इथं घर घेताना एजंटानं शांत वस्ती म्हणून कौतुक केलं आणि आम्हाला ते पटलं. पण त्या शांततेमागे एक जाडजूड नियमावली आहे, आणि त्या नियमावलीत ‘कुटुंब’ म्हणजे काय तेही लिहून ठेवलेलं आहे, हे पत्र येईपर्यंत आमच्या गावीही नव्हतं.

अर्जाची कागदपत्रं सुनावणीच्या आधी टाउनशिपच्या कचेरीत कुणालाही पाहता येतात. मी दुपारच्या सुट्टीत जाऊन बसले. तिथल्या बाईंनी नकाशांची गुंडाळी टेबलावर उलगडून दिली, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. हळूहळू प्रकरण ध्यानात आलं. केरळातून आलेल्या एका कॅथलिक संघाच्या या सिस्टर. तिघी इस्पितळात नर्स, एक शाळेत शिकवणारी, दोघी वयस्कर. त्यांच्या संघानं पाच झोपण्याच्या खोल्यांचं ते घर विकत घेतलं. टाउनशिपच्या झोनिंग अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं की हे घर नव्हे, ही संस्था आहे, कॉन्व्हेंट आहे, आणि संस्थेला या वस्तीत परवानगी नाही. सिस्टरांच्या वकिलानं टाउनशिपच्या सात जणांच्या बोर्डापुढे दोन मागण्या ठेवल्या होत्या. पहिली, आमचं सहाजणींचं घर हे नियमावलीतल्या व्याख्येप्रमाणे कुटुंबच आहे असा निर्वाळा द्या. दुसरी, मागच्या बाजूला वाढीव बांधकाम करून ४२ जणांना बसता येईल असं चॅपल आणि १४ गाड्यांची पार्किंगची जागा करायची आहे, त्याला व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, द्या.

घरी येऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “सहाजणींची चूल एकच ना? मग एकच घर की.” कोल्हापुरातल्या त्यांच्या सासरी तीन भावांचे संसार, एक बालविधवा आत्या आणि शिकायला ठेवलेली गावाकडची दोन मुलं एका स्वयंपाकघरात जेवत. त्यांतल्या एका मुलाचं घराशी नातं काय, ते त्यांना आजही नीट सांगता येत नाही. आमच्याकडे चूल वेगळी झाली की घर वेगळं झालं. तोवर मग माणसं किती का असेनात. त्यांच्या लेखी प्रश्न तिथंच संपला होता.

सुनावणीच्या संध्याकाळी टाउनशिपच्या सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. मी आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही, पण ते जवळजवळ कोर्टच होतं. आधी सगळे झेंड्याकडे तोंड करून उभे राहिले. मग अध्यक्षांनी एक मजकूर वाचला: ही सभा १९७५ च्या खुल्या सभांच्या कायद्याप्रमाणे जाहीर केलेली आहे, वगैरे. बोर्डाचे सात सदस्य म्हणजे गावातलीच माणसं, बिनपगारी. एक प्लंबिंगचा धंदा करणारे, एक निवृत्त शिक्षिका, एक विम्याचं काम करणारे. त्यांच्या बाजूला बोर्डाचा स्वतःचा वकील, इंजिनिअर आणि प्लॅनर. समोर अर्जदारांचा वकील. आणि हरकत घेणाऱ्या काही शेजाऱ्यांनी मिळून केलेला तिसरा वकील. प्रत्येक साक्षीदाराला हात वर करून शपथ घ्यावी लागत होती. कोपऱ्यात एक बाई शब्द न् शब्द टंकित करत होत्या, कारण उद्या प्रकरण खऱ्या कोर्टात गेलं तर न्यायाधीश नव्यानं साक्षी घेत नाहीत, हेच टिपण वाचून निर्णय देतात.

मला वाटलं होतं की शेजारी उठतील, आपापलं म्हणणं मांडतील आणि बोर्ड ठरवेल. तसं मुळीच नसतं. साक्षीदाराची साक्ष झाली की लोकांनी त्याला फक्त प्रश्न विचारायचे. मत सांगायची वेळ वेगळी, सगळ्या साक्षी संपल्यावर. मागच्या गल्लीतल्या एका आजोबांनी थरथरत्या आवाजात सुरुवात केली, “मी इथं ४० वर्षं राहतो...” आणि बोर्डाच्या वकिलानं मधेच थांबवलं, “सर, यात प्रश्न कोणता?” आजोबा गोंधळून खाली बसले. एका बाईंनी २००च्या वर सह्यांचं निवेदन आणलं होतं. तेही घेतलं गेलं नाही. सही करणारा माणूस समोर नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून त्या कागदाला पुरावा म्हणून किंमत नाही. आपल्याकडे सह्यांच्या मोहिमेला केवढं वजन असतं! मला ते पाहून धक्का बसला. पण नंतर विचार करता वाटलं की जिथं कुणीतरी शेजारी म्हणून नको झालेलं आहे, तिथं सह्या मोजून निकाल लावायचा नाही, हा शहाणा नियम आहे.

मग सगळ्यांत मोठ्या सिस्टर शपथ घेऊन बसल्या. करड्या रंगाचा झगा, डोक्याला पांढरी पट्टी, आवाज इतका मऊ की अध्यक्षांनी माइक जवळ घ्यायला सांगितलं. वकील एकेक विचारत गेला. स्वयंपाकघर किती? एक. खोल्यांना बाहेरून वेगळी दारं आहेत का? नाही. पगार कुठं जातो? सगळ्यांचा एका खात्यात. किराणा कोण आणतं? पाळी असते. जेवता कधी? ज्यांची रात्रपाळी नसेल त्या एकत्र, सात वाजता. हे चाललं असताना मी माझ्याबरोबर आलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना थोडंच कळत होतं, पण ‘किचन’ आणि ‘वन’ कळलं, आणि त्यांनी मान हलवली.

हरकतदारांच्या वकिलाची उलटतपासणी तिखट होती. तुमची बदली होते ना? चारपाच वर्षांनी तुमच्याऐवजी दुसरीच सिस्टर येऊन राहील? म्हणजे या घरात कोण राहणार हे ठरवणारं कुणीतरी बाहेरचं आहे? पाहुण्या सिस्टर येतात का? किती दिवस राहतात? सकाळी प्रार्थनेला किती वाजता उठता? मोठ्यानं म्हणता का? सिस्टर प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर देत होत्या. मी मात्र खुर्चीत आक्रसून बसले होते. आपण पहाटे किती वाजता आणि कोणत्या आवाजात देवाचं नाव घेतो, हे अनोळखी लोकांच्या भरल्या सभेत शपथेवर सांगायची वेळ माझ्यावर आली असती, तर?

त्या रात्रीपासून मी वाचत सुटले. कुटुंब कोण हे सरकार ठरवू शकतं का, याचं अमेरिकेनं वेगवेगळ्या काळी वेगवेगळं उत्तर दिलेलं आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बेल टेअर नावाचं एक गाव आहे, त्या काळी जेमतेम २२० घरांचं. तिथं कॉलेजात शिकणाऱ्या सहा मुलामुलींनी मिळून एक घर भाड्यानं घेतलं. गावचा नियम असा की रक्तानं, लग्नानं किंवा दत्तकविधानानं नातं नसलेली दोनपेक्षा जास्त माणसं एका घरात राहू शकत नाहीत. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, ओहायोतल्या ईस्ट क्लीव्हलँडच्या इनेझ मूर नावाच्या आजीचं प्रकरण त्याच न्यायालयापुढे आलं. तिच्या घरात तिचा मुलगा आणि दोन नातू होते. पण ते नातू सख्खे भाऊ नव्हते, एकमेकांचे चुलतभाऊ होते, आणि तिथल्या नियमाच्या व्याख्येत ते बसेना. त्यांतल्या एका आईविना नातवाला घरात ठेवलं म्हणून त्या आजीला पाच दिवस कैद आणि २५ डॉलर दंड झाला होता. न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. हे वाचून दाखवल्यावर सासूबाई कितीतरी वेळ “नातवाला ठेवलं म्हणून?” एवढंच म्हणत राहिल्या.

पण माझे डोळे उघडले ते आमच्याच राज्यातल्या एका निकालानं. ओक ट्री रोडवर आम्ही मराठी-गुजराती माणसं भाजी, पीठ, पूजेचं सामान आणायला जातो, तिथून फार दूर नसलेल्या प्लेनफील्ड गावात डेनिस बेकर नावाचे एक प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक राहत होते. त्यांच्या घरात ते, त्यांची पत्नी, तीन मुली, आणि शिवाय एक बाई आपल्या तीन मुलांसह. रक्ताचं नातं नाही. आपण धर्मानं भाऊबहीण आहोत आणि तसंच जगायचं, एवढ्या श्रद्धेनं ते एकत्र राहत, एकत्र जेवत, एकत्र प्रार्थना करत, दर आठवड्याला ठरलेली रक्कम घरखर्चाला देत. प्लेनफील्डचा नियम नातं नसलेल्या चारच माणसांना परवानगी देत होता, म्हणून बेकर यांच्यावर खटला झाला. १९७९ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि बेल टेअरच्या निकालाच्या मागं न जाता स्वतःच्या राज्यघटनेच्या आधारानं दिला.

त्या निकालातला युक्तिवाद मला फार आवडला. प्लेनफील्डच्या नियमानं पाच विधवा एकत्र राहू शकत नाहीत, पाच न्यायाधीशसुद्धा राहू शकत नाहीत. पण लांबच्या नात्यातले दहा चुलतभाऊ दाटीवाटीनं राहिले तर नियमाची हरकत नाही. मग गर्दी, गोंगाट, गाड्या यांचा नात्याशी संबंध काय? गर्दीची भीती असेल तर खोल्यांच्या आकाराप्रमाणे माणसांची मर्यादा घाला. गाड्यांची भीती असेल तर गाड्या मोजा. गोंगाट होत असेल तर गोंगाटावर कारवाई करा. पण हे सगळं रक्ताच्या नात्याआडून करू नका. एक घर म्हणून, कायमस्वरूपी, एका संसारासारखं राहतात ना, एवढंच पाहा. १९९० मध्ये याच न्यायालयानं ग्लासबरो गावात एकत्र राहणाऱ्या दहा कॉलेजकुमारांनाही एक कुटुंब मानलं. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता दिलेला निकाल न्यायालयानं बरीच पानं लिहून दिला होता, असं मला वाटलं.

मग आमच्या टाउनशिपचा अधिकारी सिस्टरांना का अडवत होता? खरं सांगायचं तर राहण्याचा मुद्दा सिस्टर जिंकणार हे हळूहळू सगळ्यांनाच कळून चुकलं होतं. वादाचं मूळ चॅपलमध्ये होतं. स्वतःच्या घरात देव्हारा असणं वेगळं आणि रविवारी बाहेरचे ४२ लोक येणं वेगळं. इथं शेजाऱ्यांची काळजी निव्वळ बहाणा नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. ते घर अगदी वळणावर आहे. त्याच्या ड्राइव्ह-वेमधून गाडी बाहेर काढताना डावीकडून येणारी गाडी उशिरा दिसते. आमच्या भागात गटाराची लाइन नाही, सेप्टिक टँक आहेत. मागच्या बाजूला १४ गाड्यांसाठी डांबर ओतलं तर पावसाचं पाणी शेजारच्या तळघरात जाईल, ही भीती खरी होती. ज्यांच्या घरात एकदा पाणी शिरलेलं आहे त्यांना ती सांगावी लागत नाही.

पुढच्या सुनावणीला इंजिनिअर लोकांच्या साक्षी झाल्या, आणि त्या मी श्वास रोखून ऐकल्या. सेप्टिकवाल्यानं सांगितलं की घराच्या सेप्टिकचा हिशोब झोपण्याच्या खोल्यांवर होतो. पाच खोल्यांच्या घरात आईबाप आणि मुलं राहोत की सिस्टर, टाकी तीच. चॅपलचा हिशोब वेगळा, आणि तो त्यानं वेगळा मांडला. वाहतुकीचा इंजिनिअर वळणावरची दृष्टीची लांबी फुटांत सांगत होता. पार्किंगचा नियम तीन आसनांमागे एक गाडी, म्हणून ४२ ला १४. हाच नियम गावातल्या इतर चर्चनाही लागू आहे का, असं एका सदस्यानं विचारलं, आणि ‘हो’ हे उत्तर मुद्दाम टिपणात घ्यायला लावलं.

तो प्रश्न त्यांनी का विचारला हे मला आमच्याजवळच्या बर्नार्ड्‌स टाउनशिपची गोष्ट वाचल्यावर कळलं. तिथं २०१२ मध्ये एका इस्लामी संस्थेनं मशिदीसाठी अर्ज केला. सुनावण्या झाल्या ३९. चर्चना तीन आसनांमागे एक गाडी हा नियम, त्यानं मशिदीला ५० गाड्यांची जागा पुरली असती. बोर्डानं मागितली १०७ गाड्यांची. डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज नाकारला गेला. प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेलं, आणि ३१ डिसेंबर २०१६ रोजी न्यायाधीशांनी पार्किंगच्या या दोन मापांबद्दल टाउनशिपच्या विरोधात निकाल दिला. पुढच्या वर्षी टाउनशिपनं साडेबत्तीस लाख डॉलरवर समझोता केला. त्या संस्थेचे प्रमुख त्याच टाउनशिपचे माजी महापौर होते. गावाचं महापौरपद भूषवलेल्या माणसाला प्रार्थनेच्या जागेसाठी साडेतीन वर्षांहून जास्त काळ त्याच गावापुढे उभं राहावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या निकालामागे २००० सालचा एक केंद्रीय कायदा आहे. इथले लोक त्याला ‘आरलूपा’ म्हणतात. जमिनीच्या नियमांनी कुणाच्या धर्माचरणावर मोठा भार पडत असेल, तर तसं करण्यामागे अत्यंत गरजेचं कारण आहे आणि दुसरा सौम्य मार्ग नाही, हे सरकारला सिद्ध करावं लागतं. शिवाय धार्मिक जागेला धर्मेतर जागेपेक्षा, किंवा एका धर्माला दुसऱ्यापेक्षा, वाईट वागवायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीजवळ शीख लोकांना गुरुद्वारा बांधायचा होता. घरांच्या वस्तीत जागा घेतली तर आवाज आणि रहदारी म्हणून नकार, शेतजमिनीत घेतली तरी नकार. २००६ मध्ये अपील न्यायालयानं त्यांना न्याय दिला. आमच्याच राज्यातल्या जॅक्सन टाउनशिपनं २०१७ मध्ये वसतिगृहांवर बंदी घातली. शेजारच्या लेकवूडमध्ये यहुदी धर्मशिक्षणाची मोठी केंद्रं आहेत आणि तिथली कुटुंबं जॅक्सनमध्ये येऊ लागली होती, हे पाहता बंदीचा रोख कुणावर होता ते उघड होतं. २०२० मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं टाउनशिपवर दावा लावला.

बोर्डाच्या वकिलानं आम्हाला सुरुवातीलाच बजावलं होतं: या लोकांचा धर्म कोणता, त्या कुठून आल्या, उद्या आणखी कोण येईल, यावर बोलायचं नाही. पाणी, प्रकाश, आवाज, रहदारी, झाडं, यावर बोला. त्यामुळे त्या सभागृहात सगळेच रहदारीवर बोलत. काहींना खरोखरच रहदारी म्हणायचं होतं, काहींना माणसं म्हणायचं होतं, आणि बाहेरून दोघांचं बोलणं अगदी सारखं ऐकू येत होतं. माझा सगळ्यांत मोठा गोंधळ हाच होता. याचा इतिहासही जुना आहे. कोणत्या गल्लीत कोणत्या वर्णाच्या माणसानं राहायचं हे ठरवणारे नियम सर्वोच्च न्यायालयानं १९१७ मध्ये रद्द केले. १९२६ मध्ये त्याच न्यायालयानं ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंगला मान्यता दिली, आणि तेव्हापासून माणसांऐवजी प्लॉटचा आकार आणि घरांचा प्रकार सांगून बरंच काही साधता येऊ लागलं.

खरं बोलणं मला सभागृहाबाहेर ऐकायला मिळालं, आणि तेही आपल्याच माणसाकडून. समोरचे गुजराती भाई गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, “भाभी, तुम्ही गप्प का? आज या सिस्टर येतील. मग त्याच नियमानं उद्या मशीद येईल. किमती पडतील घरांच्या.” मी म्हटलं, “भाई, ब्रिजवॉटरला आपलं बालाजीचं मंदिर आहे, तिथं तुम्ही दर महिन्याला जाता. ते कुणाच्या तरी गावात, कुणाच्या तरी शेजारीच आहे ना?” ते म्हणाले, “ते वेगळं.” कसं वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही. माणूस वाईट नाही. बर्फ पडला की आमचा ड्राइव्ह-वे आधी साफ करतो. पण त्या संध्याकाळी मला मनापासून राग आला. आपण इथं आलो तेव्हा कुणीतरी आपल्याबद्दलही असंच गाडीपाशी उभं राहून बोललं असेल, आणि तरी आपल्याला घर मिळालं, ते कायद्यानं तोंड बंद ठेवायला लावलं म्हणूनच.

तेव्हापासून त्या रुक्ष भाषेकडे मी आदरानं पाहू लागले. तिच्यात मनातला आकस लपवता येतो हे खरं. पण गाड्या मोजता येतात. पाणी कुठून कुठं वाहतं ते नकाशावर दाखवता येतं. इंजिनिअरला प्रश्न विचारून त्याचं उत्तर तपासता येतं. भीती तपासता येत नाही. ज्याच्याजवळ संख्याबळ नाही, त्याला मोजमापाचाच काय तो आसरा. अट एकच, माप सगळ्यांना तेच हवं.

मत मांडायची वेळ आली तेव्हा मी नाव नोंदवलं. हात वर करून शपथ घेतली. आवाज कापत होता. मी सांगितलं की आमच्या घरी भाद्रपदात पाच दिवस गणपती बसतो. आरतीला ओळखीची कुटुंबं येतात, गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, टाळ वाजतात. आजवर एकाही शेजाऱ्यानं तक्रार केलेली नाही, आणि कोणत्याही बोर्डानं मला आरती किती वाजता आणि किती मोठ्यानं असं विचारलेलं नाही. सिस्टरांना ते विचारलं गेलं. त्यांच्या रविवारच्या गाड्यांची सोय त्यांनी स्वतःच्या जागेत करायची तयारी दाखवली आहे. मग बोर्डानं पाण्याचा आणि वळणाचा प्रश्न जितका कडकपणे सोडवायचा तितका सोडवावा, पण त्या सहाजणी एकमेकींच्या कोण लागतात हे त्यांना पुन्हा विचारू नये. खाली बसले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथं टाळ्या वाजवायच्या नसतात. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मतदान झालं ते रात्री फार उशिरा. पहिल्या मुद्द्यावर सातही मतं सिस्टरांच्या बाजूनं पडली: एक स्वयंपाकघर, एक खर्च, एक घर, म्हणून कुटुंब. चॅपलसाठी साधं बहुमत चालत नाही. या प्रकारच्या व्हेरिअन्सला सातापैकी पाच मतं लागतात. प्रार्थनास्थळ ही मुळातच लोकहिताची जागा मानली जाते, त्यामुळे तिची गरज सिद्ध करावी लागत नाही. तिच्यानं होणारा उपद्रव किती आणि तो अटी घालून कमी करता येतो का, एवढं तोलायचं असतं. निवृत्त शिक्षिकाबाईंनी विरोधात मत दिलं आणि कारण स्पष्ट सांगितलं: वळणावरची दृष्टी अपुरी आहे, एखादं मूल सायकलवरून येत असेल तर दिसणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, पण त्यांच्या मनात फक्त वळणच होतं याबद्दल मला शंका नाही. आणखी एक मत विरोधात गेलं. बाकी पाच बाजूनं. एकही कमी पडलं असतं तर अर्ज फेटाळला गेला असता.

अटी बऱ्याच घातल्या. पार्किंगला डांबर नाही, पाणी झिरपेल अशी फरशी. शेजारच्या कुंपणाला लागून सदाहरित झाडांची रांग. बाहेर लाउडस्पीकर नाही. रात्री दहानंतर पार्किंगचे दिवे बंद. चॅपल लग्नकार्याला भाड्यानं द्यायचं नाही. वळणाकडची झुडपं छाटून दृष्टी मोकळी ठेवायची आणि ती कायम तशी राखायची. सिस्टरांच्या वकिलानं प्रत्येक अट मान्य आहे म्हणून सांगितलं.

पुढच्या महिन्यात लेखी ठराव मंजूर झाला. त्याची सूचना छापून आल्यापासून ४५ दिवसांत हरकतदारांना कोर्टात जाता येतं, म्हणून सिस्टरांनी तोवर बांधकामाला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्या राहायला मात्र लगेच आल्या. त्याच दिवसांत समोरचे भाई आणि मागच्या गल्लीतले दोघं आमच्याकडे आले. अपिलासाठी वकिलाची फी गोळा करत होते. मी त्यांना चहा दिला आणि पैसे देणार नाही असं सांगितलं. पण वळणावर वेगमर्यादेची पाटी आणि रस्त्यावर गतिरोधक बसवा, असा अर्ज टाउनशिपला करायचा असेल, तर त्यावर पहिली सही माझी घ्या, असंही म्हटलं. ती पाटी तिथं सिस्टर यायच्या कितीतरी आधीपासून हवी होती. भाईंनी थोडा विचार केला आणि अर्जाचा मसुदा मीच लिहावा असं सुचवलं. मी तो त्याच रात्री लिहायला घेतला.